तीन फड : बीडच्या जत्रा, कुस्त्या आणि गाणाऱ्या बायका

आज बोलायचं आहे ते खेळाच्या मैदानाशेजारी गाणाऱ्या बायकांबद्दल. एखाद्या शहरात मोठी स्पर्धा भरते, शनिवार-रविवार धरून हजारो लोक येतात, आणि त्याच दिवसांत तिथल्या स्थानिक गायिकांना, वाजवणाऱ्या बायकांना लोकांसमोर आणायचं, ही कल्पना हल्ली बऱ्याच ठिकाणी नवी म्हणून मांडली जाते. कल्पना चांगली आहे. नवी मात्र नाही. निदान आपल्या बीड जिल्ह्यात तरी नाही. खेळ बघायला जमलेल्या गर्दीपुढे आपल्याकडच्या बायका कित्येक पिढ्या गात आल्या आहेत. त्यांना मंच मिळत होता. त्या मंचावर त्यांचं नाव होतं का, आणि गर्दी पांगल्यावर पैसे कुणाच्या हातात गेले, हे बघायचं आहे.

सुरुवात एका शब्दापासून करू. फड. हा शब्द आपण किती ठिकाणी वापरतो बघा. कुस्तीचा फड असतो. तमाशाचा फड असतो. आणि बीडच्या माणसाला तर तिसरा फड सांगायलाच नको, उसाचा फड. ‘फडात गेलेत’ असं आपल्याकडे कुणी म्हटलं तर ऐकणारा विचारतो, कुठल्या कारखान्याला? हे तिन्ही फड एकाच हंगामाला, एकाच पैशाला बांधलेले आहेत. दसरा-दिवाळीला कोयता बाहेर पडतो. तमाशाचा मोठा फडही दसऱ्याच्या आसपासच बाहेर पडतो आणि वैशाखापर्यंत फिरतो. आणि ऊसतोड करून माणसं गावाकडे परतली, हातात चार पैसे आले, की चैत्र-वैशाखात गावाची जत्रा आणि जत्रेतल्या कुस्त्या. तिन्हीकडे ‘उचल’ हा शब्द ओळखीचा आहे. मुकादम कोयत्याला उचल देतो, फडमालक कलावंताला उचल देतो. कुस्तीच्या फडात उचल नसते, तिथे इनाम असतं. हा फरक लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता जत्रा. आपल्या भागातल्या जत्रेचा क्रम जुन्या माणसांना पाठ आहे. पहिल्या दिवशी देवाला नैवेद्य, संध्याकाळी शेरण्या, रात्री पालखी निघते, छबिना होतो, आणि छबिन्यानंतर तमाशा. तो उजाडेपर्यंत चालतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ‘हजेरी’. तरुण मुलांना हा शब्द कदाचित माहीत नसेल. हजेरी म्हणजे रात्रभर खेळ केलेल्या फडाने सकाळी दहा-अकराला पुन्हा चावडीपुढे किंवा देवळापुढे उभं राहून गाणी-लावण्या सादर करायच्या. मग दुपारी ऊन कलल्यावर कुस्त्यांचा हगामा. लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या आधी, नंतर नारळ, मग पैशाच्या, आणि शेवटची मानाची. म्हणजे जिला आज ‘क्रीडा आणि सांस्कृतिक महोत्सव’ म्हणतात ती गोष्ट आपल्या गावांनी दोन दिवसांत बसवली होती. रात्री गाणं, सकाळी गाणं, दुपारी खेळ. वर्गणी एकच, पंचकमिटी एकच, गर्दीही एकच. बीड शहरात कंकालेश्वराची महाशिवरात्र, शहेनशाहवली दर्ग्याचा उरूस, परळीला वैजनाथ, अंबाजोगाईला योगेश्वरी. मोठी ठाणी आहेतच, पण मी बोलते आहे ते साध्या खेड्यातल्या जत्रेबद्दल. खेड्याची जत्रा जास्त बोलते.

या हगाम्यात वाजतं काय? हलगी. जोडीला घुमकं आणि कैताळ. हलगी कडाडल्याशिवाय कुस्तीला रंग चढत नाही हे सगळे मान्य करतात. ही हलगी वाजवणारे बहुतेक मातंग समाजाचे. आदल्या रात्री बोर्डावर नाचणाऱ्या-गाणाऱ्या बायका मातंग, कोल्हाटी, महार अशा समाजांतून आलेल्या. म्हणजे मातीत कोण लोळणार आणि मातीच्या कडेला कोण वाजवणार-गाणार हे जातीने बऱ्यापैकी ठरवलेलं होतं. पैलवान कुठल्याही जातीचा असू शकत होता, हे कुस्तीचं मोठेपण आहे आणि ते मान्य केलं पाहिजे. हलगीवाला मात्र कुठल्याही जातीचा नव्हता. आणि हलगीवाली तर नव्हतीच. बाईने गळा चालवायचा, पाय चालवायचे. चामड्याला हात पुरुषाने लावायचा.

गावोगावच्या जत्रांची पत्रकं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी जपली असतील, नाहीतर देवळाच्या भिंतीवर चिकटलेली पाहिली असतील. पुढच्या वेळी एक पत्रक इतिहासाचा कागद म्हणून वाचा. कुस्तीची जोड असते : या पैलवानाचं नाव, वस्तादाचं किंवा तालमीचं नाव, विरुद्ध त्या पैलवानाचं नाव, इनामाचा आकडा, आणि इनाम देणाऱ्याचंही नाव. एका कुस्तीमागे चार-पाच नावं. खाली अध्यक्ष, उपाध्यक्ष, सरपंच, ग्रामस्थ. आणि तमाशा? एक ओळ. अमुक यांचा लोकनाट्य तमाशा. मालकिणीचं नाव असेल तर ते मोठ्या अक्षरात असतं, हे खरं आहे. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर, कांताबाई सातारकर, मंगला बनसोडे ही नावं कुस्तीच्या कुठल्याही नावापेक्षा मोठ्या टायपात छापली गेली. पण त्या मालकिणीच्या मागे बारा-पंधरा बायका उभ्या असायच्या. त्यातली गवळणीला पहिला सूर कुणी लावला, लावणीचा अंतरा कुणी उचलला, हे पत्रकावर नसतं. तो सगळा हिशोब ‘तमाशा’ या एका शब्दात बसतो. उसाच्या फडात नवरा-बायको दोघं मिळून ‘एक कोयता’ मोजतात ना, तसंच. बाई दिसते सगळ्यांना, आणि वहीत सापडत नाही.

नारायणगावची पद्धत इथे सांगायला हवी. पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला पाडव्याच्या सुमारास फडमालकांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावची पंचमंडळी तिथे जाऊन सुपारी देतात, तारीख धरतात. सुपारी ठरते ती फडाची. म्हणजे व्यवहार दोन पुरुष-गटांत होतो : पंच आणि मालक किंवा व्यवस्थापक. मालकीण असली तरी बोलणी बऱ्याचदा दुसराच कुणी करतो. संगीतबारीत गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे पार्टी बाईच्या नावावर असते, बैठक असते, दौलतजादा होतो, थिएटरचा वाटा आणि पार्टीचा वाटा ठरलेला असतो. जामखेड, मोडनिंब, चौफुला ही त्या थिएटरांची ठिकाणं, आणि जामखेड म्हणजे बीडच्या वेशीवरच. पण तिथला पैसा बाईच्या हातून पुढे कुठे जातो, हे वाचायचं असेल तर किशोर शांताबाई काळे यांचं ‘कोल्हाट्याचं पोर’ वाचा. १९९४ साली आलं ते पुस्तक. कमावणारी बाई आणि तिच्या कमाईवर बसून खाणारे घरातले पुरुष, हे इतकं सरळ त्याआधी फारसं कुणी लिहिलं नव्हतं. लेखकाने आपल्या नावात आईचं नाव लावलं, तेवढ्यावरूनही पुष्कळ कळतं.

विठाबाईंची एक गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, खेळ चालू असताना झालेल्या बाळंतपणाची. मी ती सांगणार नाही. ती इतक्या वेळा सांगितली जाते की बाकीची विठाबाई तिच्याखाली झाकून गेली. जन्म १९३५, पंढरपूरचा. आजोबांपासूनचा तमाशा घरात. १९५७ आणि १९९० अशी दोनदा राष्ट्रपतींच्या हातून दाद मिळाली. २००२च्या जानेवारीत त्या गेल्या, आणि शेवटची वर्षं हलाखीत काढून गेल्या. त्यानंतर चार वर्षांनी सरकारने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला, आणि पहिला कांताबाई सातारकरांना दिला. शेजारी कुस्तीचा कागद ठेवून बघा : महाराष्ट्र केसरीची पहिली स्पर्धा १९६१ साली, आपल्या मराठवाड्यात, औरंगाबादला झाली. मराठवाडा महाराष्ट्रात येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. नव्या राज्याने मातीतल्या पैलवानाला लगेच गदा दिली. त्याच जत्रेतल्या बाईला तिच्या नावाची मानाची गोष्ट द्यायला पंचेचाळीस वर्षं लागली. आणि महिलांची महाराष्ट्र केसरी? २०२३, सांगली. प्रतीक्षा बागडी यांनी ती जिंकली. बासष्ट वर्षं.

इथे कुणी म्हणेल, तमाशाला बदनामी होती, म्हणून उशीर झाला. बदनामी होतीच. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली होती, नंतर सुधारणेसाठी समिती नेमली, संहिता तपासून घ्यायची पद्धत आली. बीड तेव्हा मुंबई राज्यात नव्हतंच, हैदराबाद राज्यात होतं. १७ सप्टेंबर १९४८ नंतर निजामाची सत्ता गेली आणि १ नोव्हेंबर १९५६ ला आपण द्विभाषिक मुंबईत आलो. पण बदनामी राज्याच्या सीमा बघून येत नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. गर्दीने दोघांनाही पैसे फेकले. पैलवानाच्या अंगावर पडलेल्या पैशाला इनाम म्हटलं आणि बाईच्या पायाशी पडलेल्या पैशाला दौलतजादा. एका पैशाने मान वाढला, दुसऱ्याने गेला. शिट्टी मारणारा माणूस मात्र दोन्हीकडे तोच होता.

आता जरा मागे जाऊ या. खेळ एकीकडे आणि गाणं एकीकडे ही विभागणीच मुळात पुरुषांच्या जत्रेची आहे. बायकांचे खेळ बघा. मराठवाड्यात नागपंचमीला केवढं महत्त्व आहे हे बाहेरच्यांना सांगून खरं वाटत नाही. लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधले जातात, आणि मग फेर, फुगड्या, झिम्मा, पिंगा. बसफुगडी घालून बघितलीय का कुणी अलीकडे? गुडघे काय म्हणतात ते कळेल. दंडफुगडी, कासवफुगडी हे प्रकार घालणाऱ्या बायकांचा दम, तोल, मनगटाची पकड हे सगळं तालमीत मोजतात तेच आहे. आणि हे सगळं तोंडाने गात. गाणं थांबलं की फुगडी थांबली. गाणं हीच तिथली हलगी, आणि खेळणारीच वाजवणारी. तिथे प्रेक्षक वेगळा नाही, सुपारी नाही, पत्रक नाही. त्यामुळे कागदही नाही. एक सबंध क्रीडासंगीत परंपरा, आणि इतिहासकाराला टाचणीएवढा पुरावा सापडत नाही. दुसरी परंपरा डोंबारी-कोल्हाट्यांची. मूळ काम कसरतीचं. ढोलकी वाजते आहे आणि मुलगी दोरावरून चालते आहे, हे चित्र आठवडी बाजारात आपण सगळ्यांनी पाहिलेलं. तिला खेळाडू म्हणायचं की कलावंत? आपण दोन्ही म्हटलं नाही. ‘खेळ करणारे’ म्हटलं आणि पुढे गेलो.

लेझीमही त्यातलीच. आज ती शाळेच्या मैदानावर पोरी हातात घेतात. तालमीतल्या व्यायामाचं ते साधन, आणि वाजतंही. १९८२च्या दिल्लीच्या आशियाई खेळांच्या उद्घाटनात महाराष्ट्राच्या लेझमीने मैदान दणाणून सोडलं होतं.

जगातही खेळ आणि कला एकत्र नांदवायचा प्रयत्न झालेला आहे, तो एक-दोन वाक्यांत सांगते. १९१२च्या स्टॉकहोमपासून १९४८च्या लंडनपर्यंत ऑलिंपिकमध्ये संगीत, साहित्य, चित्र, शिल्प, वास्तुकला यांच्या स्पर्धा असत आणि चक्क पदकं मिळत. १९४८ला काव्याचं सुवर्ण आले तुन्नी या फिनलंडच्या बाईंना मिळालं. त्याच लंडनमध्ये आपले खाशाबा जाधव पहिल्यांदा गादीवर उतरले आणि सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला खाशाबांना कांस्य मिळालं, तेव्हा कलेच्या स्पर्धा ऑलिंपिकमधून गेलेल्या होत्या. त्यामागे बरीच कारणं होती, पैसे घेऊन काम करणारा कलावंत हौशी कसा मानायचा हा वाद त्यात मोठा. गंमत बघा. तिकडे पैसे घेणारा कलावंत अडचणीचा ठरला, इकडे पैसे घेणारी कलावंतीण.

परत बीडला येऊ. आपल्या जिल्ह्यातल्या गाणाऱ्या बायका नावानिशी सापडतात कुठे? मला त्या सापडल्या जात्यावर. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर या दोघांनी पुण्याहून काम सुरू करून महाराष्ट्रभरच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून जास्त गावं, तीन हजारांहून जास्त बायका, लाखाहून जास्त ओव्या. नंतर बर्नार बेल यांनी ध्वनिमुद्रणाचं आणि संगणकावरच्या नोंदींचं काम केलं. हे सगळं भांडार आज पारी, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया, या संकेतस्थळावर ऐकायला मिळतं. १९९६ साली ही मंडळी माजलगावला आली होती. तिथल्या भीमनगरच्या आणि आसपासच्या बायकांनी त्यांना ओव्या दिल्या : वाल्हाबाई टाकणखार, राधाबाई बोऱ्हाडे, रंगूबाई पोटभरे, पार्वतीबाई भादर्गे. विषय पुष्कळदा बाबासाहेबांचा, रमाईचा. जनाबाई गंगाखेडची, म्हणजे शेजारचीच. जात्यावर बसून देवाला हाक मारायची ही वाट तिच्यापासूनची म्हणायची, आणि माजलगावच्या बायकांनी त्याच वाटेने बाबासाहेबांना हाक मारली.

मी या नोंदींना इतकं का मानते? त्यात प्रत्येक ओवीपुढे गाणारीचं नाव आहे, गाव आहे. एवढंच. वाटायला क्षुल्लक गोष्ट आहे. पण जत्रेच्या पत्रकाने शंभर वर्षांत जे केलं नाही ते या नोंदीने केलं. ही ओवी कुणी दिली? राधाबाईंनी. संपलं. कुस्तीत जसं विचारतात, कुणी चितपट केलं?

दुसरं नाव मीराबाई उमप. अंतरवाली, बीड जिल्हा, मातंग कुटुंब. बाईने चामड्याला हात लावायचा नाही म्हणाले ना मघाशी? मीराबाई दिमडी वाजवतात, आणि संबळही. वाघ्या-मुरळीत दिमडी वाघ्याच्या हातात, मुरळीच्या हातात घंटी. हा नियम इतका मुरलेला की तो नियम आहे हेसुद्धा कुणाला जाणवत नाही. मीराबाईंनी दिमडी घेऊन बाबासाहेबांची गाणी म्हटली. त्या मुंबईला गेल्या, घाटकोपरच्या चिरागनगरात, जिथे एके काळी अण्णाभाऊ साठे राहत होते. जिल्ह्यातली एवढी मोठी वाजवणारी बाई, आणि जिल्ह्यातल्या किती स्पर्धांच्या उद्घाटनाला तिची दिमडी वाजली असती!

खेळाकडून बघितलं तर बीडकडे सांगण्यासारखं पुष्कळ आहे. पाटोद्याचे राहुल आवारे, २०१८च्या राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीचं सुवर्ण, २०१९ला जागतिक स्पर्धेत कांस्य. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचे अविनाश साबळे, स्टीपलचेस, २०२२ला बर्मिंगहॅमला रौप्य आणि २०२३च्या आशियाई खेळांत सुवर्ण. केज तालुक्यातल्या प्रियंका इंगळे, २०२५च्या जानेवारीत दिल्लीला झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या महिला संघाच्या कर्णधार. अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. दुष्काळी म्हणून ज्या जिल्ह्याची ओळख करून देतात त्या जिल्ह्याची ही नावं. ती सगळ्यांना माहीत आहेत, असावीतच. मिरवणुकीत त्यांच्यापुढे काय वाजतं? डीजे. हलगीसुद्धा मागे पडली. आणि स्पर्धेच्या संध्याकाळी ‘सांस्कृतिक कार्यक्रम’ म्हणून बाहेरून नर्तिका येते, गाणं पेनड्राइव्हवर असतं. मी त्या नर्तिकेला नावं ठेवत नाही. तीही पोटासाठीच येते, आणि तिच्या नावावर तंबू भरतो. पण गाणारीची जागा स्पीकरने घेतली हे दिसतंय ना?

तर मग स्थानिक बायकांना खेळाच्या मैदानावर आणायचं म्हणजे काय करायचं? माझ्या मते उद्घाटनाला पाच मिनिटं देऊ नयेत. ती पाच मिनिटं पाहुण्यांची असतात. शाल, श्रीफळ, दीपप्रज्वलन, आणि मागे चार बायका गात असतात, माईक धरलेला असतो निवेदकाने. द्यायचीच तर शेवटच्या मानाच्या कुस्तीआधीची वेळ द्या. सगळं गाव तेव्हा जागेवर असतं, कुणी उठून जात नाही. हजेरीची जुनी सकाळही परत आणता येईल, फक्त आदल्या रात्रीचा खेळ करायला न लावता. खो-खोच्या सामन्यांआधी पंचमीचा फेर धरायला काय हरकत आहे? त्या मैदानावर, त्याच वयाच्या मुलींनी, आणि गाणं त्यांच्या आज्यांनी सांगायचं.

आणि नाव छापा. हे मी पुन्हा पुन्हा का म्हणते ते आता सांगते, कारण यात भावनेचा भाग कमी आणि कागदाचा जास्त आहे. राज्य सरकारची ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांसाठी मानधनाची योजना आहे. पूर्वी वृद्ध कलावंत मानधन म्हणायचे, आता तिला राजर्षी शाहू महाराजांचं नाव आहे. महिन्याला पाच हजार रुपये. उसाच्या फडात कंबर मोडलेल्या किंवा तमाशातून उतरलेल्या बाईला पाच हजार म्हणजे काय, हे इथे कुणाला समजावून सांगायला नको. त्या योजनेला अर्ज करायचा तर वय पन्नासच्या पुढे हवं, आणि कलेच्या क्षेत्रात अनेक वर्षं काम केल्याचा पुरावा हवा. पुरावा म्हणजे काय? प्रमाणपत्र, वर्तमानपत्रातलं कात्रण, कार्यक्रमाचं पत्रक. मघाचं पत्रक आठवा. फडमालकाचं नाव आहे, पंचांचं आहे, इनाम देणाऱ्याचं आहे. बाईचं नाही. तीस वर्षं गायलेली बाई तहसीलच्या, पंचायत समितीच्या खिडकीपुढे उभी राहते आणि तिच्याजवळ दाखवायला फक्त गळा असतो. गळ्याची झेरॉक्स निघत नाही.

म्हणून जत्रा कमिटीची, क्रीडा मंडळाची जी तरुण मुलं हे ऐकत असतील त्यांना माझं एकच काम आहे, आणि ते फुकटातलं आहे. पुढच्या वर्षी पत्रक छापाल तेव्हा गाणाऱ्या-वाजवणाऱ्या प्रत्येक बाईचं पूर्ण नाव आणि गाव छापा. ढोलकीवाल्याचंही छापा, तोही वहीत सापडत नाही. मानधन फडाला देत असाल तर पावतीवर कुणाला किती हे लिहून घ्या. मालक कुरकुर करतील. करू द्यात. आणि ज्यांच्या घरात जुनी पत्रकं, फोटो, कॅसेटी आहेत त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत. फोटोच्या मागे नाव लिहून ठेवा. आज लिहाल तर लिहून होईल. ज्या आजीला ओळखू येतं ती आहे तोवरच.

माजलगावच्या ध्वनिमुद्रणातला एक तुकडा आता ऐकवणार आहोत, तांत्रिक मंडळी तयार आहेत का? आधी नावं ऐका, मग ओवी. त्यानंतर प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या आजींचा हात मघापासून वर आहे, पहिला प्रश्न त्यांचा.